कुणाच्या हाताखाली?

(स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचं शब्दांकन)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांना या गावात कुणी नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. सगळ्या गावाचे ते कंपाउंडरकाका. माझेही. 1979 साली मी त्यांच्या हाताखाली लागलो तेव्हा दवाखान्याच्या मागच्या खोलीत अजून मिक्श्चरच्या बाटल्या भरल्या जात होत्या. त्यांनी मला पहिल्या दिवशी औषध शिकवलं नाही, कात्री दिली. पांढऱ्या कागदाची बोटभर रुंद पट्टी घ्यायची, उभी दुमडायची आणि दुमडीवर सारख्या अंतरानं कोनात छेद द्यायचे. पट्टी उलगडली की एकाखाली एक शंकरपाळे दिसत. एक शंकरपाळा म्हणजे एक डोस. डिंकानं ती बाटलीला चिकटवायची. माझ्या पहिल्या पंधरा-वीस पट्ट्या काकांनी फाडून टाकल्या. अंतर कमीजास्त होतं.

पट्टी जमली त्या दिवशी खरी गोष्ट समोर आली. बाटली हातात दिल्यावर काका माणसाला सोडत नसत. म्हणत, "अंगठा ठेव बघू. उद्या सकाळी औषध कुठवर उतरलेलं असेल?" माणूस अंगठा ठेवायचा. चुकला तर पुन्हा. बाहेर रांग खोळंबलेली असायची, डॉक्टर आतून हाका मारायचे, पण अंगठा बरोबर जागी पडल्याशिवाय बाटली पिशवीत जात नसे. मला तेव्हा हा म्हाताऱ्याचा हेका वाटायचा.

निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय 'फार्मासिस्टांसाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन' असा छापला आहे. संयोजकांचा दोष नाही, विषय मीच कळवला होता. पण 'मार्गदर्शन' या शब्दाचं आपल्याकडे फार वाईट झालं आहे. वर्तमानपत्रात बघा, माइकसमोर उभा राहिलेला प्रत्येक जण मार्गदर्शनच करतो. इंग्रजीतला 'मेंटॉर' आता मराठीत रुळला आहे, तोही चालेल. मला मात्र आपला जुना शब्दप्रयोग जास्त नेमका वाटतो. सुतार असो, गवई असो, वकील असो, आपण विचारतो, कुणाच्या हाताखाली शिकलात? हाताखाली म्हणजे तो माणूस हाताच्या अंतरावर हवा. त्याला तुमची चूक घडताना दिसली पाहिजे. मग हा हात समुद्रापलीकडचा असू शकतो का? माझा आजचा प्रश्न एवढाच आहे. माझ्यापुरतं उत्तर 'हो' असं आहे, पण त्याला बऱ्याच अटी आहेत.

आधी माझ्या चुकीची गोष्ट सांगतो, कारण तिच्याशिवाय पुढचं पोकळ वाटेल.

2012 च्या जानेवारीत एक बाई चिठ्ठी घेऊन माझ्या औषधांच्या दुकानात आल्या. पन्नाशीच्या, शेतमजुरी करणाऱ्या, हाताची बोटं सांध्यांत सुजलेली. शहरातल्या डॉक्टरांनी संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट लिहून दिलं होतं, आठवड्यातून एकदा. जोडीला फोलिक ॲसिड, बाकीच्या दिवशी. ही अगदी नेहमीची जोडी. मी दोन्ही स्ट्रिपा काढल्या, पाकिटात घातल्या आणि म्हणालो, "ही आठवड्याला, ही रोज." बाई "बरं" म्हणाल्या. दुकानात दहा माणसं उभी होती.

दोन्ही गोळ्या पिवळ्या. दोन्ही लहान. घरी गेल्यावर स्ट्रिपांची अदलाबदल झाली. रोजची गोळी आठवड्याला आणि आठवड्याची रोज. दहाव्या दिवशी बाई पुन्हा आल्या, तोंड आलंय म्हणून. पाणीसुद्धा गिळवत नव्हतं. आणि मी, पदविकाधारक, सव्वीस वर्षं काउंटरवर उभा असलेला माणूस, त्यांना तोंडात लावायचं जेल आणि बी-कॉम्प्लेक्स दिलं. पैसे घेतले. मेथोट्रेक्सेट जास्त झालं की आधी तोंड सोलवटतं, मग रक्तातल्या पेशी उतरतात, हे पुस्तकात मी वाचलेलं होतं. समोरच्या बाईंकडे बघताना ते आठवलं नाही. दोन दिवसांनी त्यांना ताप भरला आणि जिल्ह्याच्या गावी दाखल करावं लागलं. वाचल्या. त्यांच्या मुलानं येऊन मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तो आला आणि रुग्णालयातून लिहून दिलेली औषधं माझ्याच दुकानातून घेऊन गेला.

त्याच्या चार महिने आधी, सप्टेंबर 2011 मध्ये, मी हैदराबादला गेलो होतो. आंतरराष्ट्रीय औषधनिर्माण महासंघ, ज्याला सगळे एफआयपी म्हणतात, त्याचं जागतिक अधिवेशन त्या वर्षी तिथं भरलं होतं. ही संस्था 1912 साली हेग शहरात स्थापन झाली. अधिवेशनात मला निम्मं कळलं आणि निम्मं कळल्याचा मी चेहरा केला. पण जेवणाच्या रांगेत ॲडलेडच्या एका फार्मासिस्ट बाईंशी ओळख झाली. त्यांचं काम ऐकून मी चाट पडलो. त्यांचं दुकान होतंच, पण आठवड्यातले दोन दिवस त्या लोकांच्या घरी जात. डॉक्टरांनी पाठवलं की म्हाताऱ्या माणसाच्या स्वयंपाकघरात बसायचं, फडताळातली सगळी औषधं टेबलावर ओतायची आणि एकेक उचलून विचारायचं, ही कशासाठी घेता? ऑस्ट्रेलियात 2001 पासून या कामाचे फार्मासिस्टला सरकारकडून पैसे मिळतात. मी विचारलं, "औषधं विकायची नाहीत, नुसतं विचारायचं, त्याचे पैसे?" त्या हसल्या. दर रविवारी अर्धा तास स्काइपवर बोलायचं ठरलं. ॲडलेडचं घड्याळही आपल्यासारखंच अर्ध्या तासाच्या हिशेबाचं आहे, त्यामुळे आपल्यात आणि त्यांच्यात बरोबर चार तासांचा फरक पडतो, त्यांच्या उन्हाळ्यात पाच. मला ते उगाचच शुभशकुनासारखं वाटलं होतं.

पहिले चार महिने आमचे रविवार छान गेले, म्हणजे वाया गेले. मी त्यांना आपल्या दुकानाची चांगली बाजू दाखवत होतो. त्यानंतर त्या संधिवाताच्या बाईंचं झालं आणि रविवारी मी सगळं सांगून टाकलं. ॲडलेडच्या बाई रागावल्या नाहीत, समजूतही काढली नाही. म्हणाल्या, तुम्ही त्यांना काय विचारलंत? मी म्हटलं, आठवड्याला एक आणि रोज एक असं स्पष्ट सांगितलं. त्या म्हणाल्या, ते सांगितलंत. विचारलंत काय? माझ्याकडे उत्तर नव्हतं. आठवड्यातला कोणता वार, हेसुद्धा मी विचारलं नव्हतं. मग बाईंनी मला तीन प्रश्न लिहून घ्यायला लावले. औषध कशासाठी आहे असं डॉक्टरांनी सांगितलं? कसं घ्यायला सांगितलं? घेतल्यावर काय होईल असं सांगितलं? हे तीन प्रश्न अमेरिकेच्या 'इंडियन हेल्थ सर्व्हिस'मधल्या फार्मासिस्टांनी घडवले. इंडियन म्हणजे आपण नव्हे, तिथले मूलनिवासी. आणि शेवटी त्या म्हणाल्या, मग त्यांना दाखवायला सांगा. स्ट्रिप हातात द्या आणि म्हणा, सोमवारी कोणती घ्याल, दाखवा.

मित्रहो, अंगठा ठेव बघू! बत्तीस वर्षांपूर्वी ज्या वाक्याला मी हेका म्हणालो होतो, ते दक्षिण ऑस्ट्रेलियातून माझ्याकडे परत आलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. काका तोवर गेलेले होते.

आता थोडं व्यापक बोलतो. हे माझं एकट्याचं भाग्य नाही, आपल्या देशात फार मोठ्या प्रमाणावर असं घडलेलं आहे आणि आपल्याला त्याची फारशी माहिती नसते. भारतात औषधनिर्माणाचं विद्यापीठीय शिक्षण 1932 साली बनारस हिंदू विद्यापीठात महादेव लाल श्रॉफ यांनी सुरू केलं. फार्मसीचा कायदा 1948 चा. पण आपलं शिक्षण वाढलं ते कारखान्याच्या दिशेनं. गोळी कशी बनवायची, तपासायची कशी, हे आपण उत्तम शिकलो. गोळी माणसाच्या पोटात गेल्यावर काय होतं आणि ती जातच नसेल तर काय, हा अभ्यासक्रमाचा विषयच नव्हता. जगात इतरत्रही तो फार आधीपासून होता असं नाही. 1990 साली अमेरिकेत हेप्लर आणि स्ट्रँड या दोघांनी एक लेख लिहिला. औषधाचा रुग्णावर जो परिणाम होतो, त्याची जबाबदारी फार्मासिस्टनंही घ्यायची, असा त्याचा गाभा. वाचायला साधं वाटतं. डबा उघडून माल देणाऱ्या धंद्याला ते सोसणारं नव्हतं.

आपल्याकडे हा विचार आला तो म्हैसूर आणि उटीमार्गे. तिथं जेएसएस संस्थेची दोन फार्मसी महाविद्यालयं आहेत. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथं 'फार्मसी प्रॅक्टिस' या विषयात एम.फार्म. सुरू झालं, ॲडलेडच्या डॉ पार्क भागातल्या रिपॅट्रिएशन जनरल हॉस्पिटलच्या मदतीनं. हे रुग्णालय 1942 साली युद्धातल्या सैनिकांसाठी उभं राहिलेलं, पुढं माजी सैनिकांचं. माजी सैनिक म्हणजे म्हातारी माणसं, एकेकाला आठ-दहा औषधं. त्यामुळे तिथले फार्मासिस्ट वॉर्डात फिरण्यात तयार झालेले होते. 2017 मध्ये ते रुग्णालय बंद झालं, पण त्याचा हात म्हैसूरवर पडून गेला होता.

त्या हाताचं काम काय होतं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. कल्पना करा, पदवी घेतलेला मुलगा पहिल्यांदा मेडिसिनच्या वॉर्डात उभा आहे. फार्माकॉलॉजी त्याला तोंडपाठ आहे. पलंगावर सत्तर वर्षांचा माणूस आहे, पायथ्याशी केसपेपर टांगलेला. डॉक्टर राउंड घेत पुढं सरकतात, परिचारिका याच्याकडे 'हा कोण' अशा नजरेनं बघतात. त्याला काहीतरी दिसलेलं आहे. क्रिएटिनिन वाढलंय आणि डोस तोच आहे. पण बोलायचं कसं? कोणाशी? डॉक्टर चुकले असं म्हणायचं का? हे पुस्तकात नसतं. शेजारी उभा असलेला अनुभवी फार्मासिस्ट हळूच विचारतो, "तुला काय दिसलं? मग तू काय सुचवशील?" आणि पुढचं महत्त्वाचं: "ते सुचवताना पहिलं वाक्य कोणतं म्हणशील?" शिकायचं ते हे. तक्रार न वाटणारं पहिलं वाक्य. क्लिनिकल फार्मसीत ज्ञानाचा वाटा जेवढा आहे तेवढाच या पहिल्या वाक्याचा आहे असं माझं मत झालं आहे.

त्या देवाणघेवाणीतून पुस्तकही आलं. म्हैसूरचे जी. पार्थसारथी, ऑस्ट्रेलियाच्या कॅरिन नायफोर्ट-हॅन्सन आणि अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाचे मिलाप नहाटा या तिघांनी संपादित केलेलं क्लिनिकल फार्मसीचं पाठ्यपुस्तक 2004 साली निघालं. भारतातल्या फार्म.डी.च्या मुलांच्या दप्तरात ते अजून दिसतं. सहा वर्षांचा फार्म.डी. अभ्यासक्रम आपल्याकडे 2008 मध्ये सुरू झाला.

इथं थोडं कडू बोलावं लागेल. मुलं तयार झाली, पण रुग्णालयांत जागा तयार झाल्या नाहीत. वॉर्डात फार्मासिस्ट हवा म्हणून पगार मोजणारी रुग्णालयं मोजकी. मग शिकलेली मुलं विम्याच्या कागदांत, औषधकंपन्यांच्या दुष्परिणाम नोंदवणाऱ्या विभागांत किंवा परदेशी गेली. त्यांना नावं ठेवायचं कारण नाही, पोट सगळ्यांना आहे. पण परदेशी मेंटॉर येऊन हात तयार करून गेला आणि त्या हाताला खुर्ची मिळाली नाही, तर त्या मेहनतीचं फळ ज्याच्या अंगणात पडायला हवं तिथं पडत नाही. माझी पहिली अट ही. जिथं उद्या बसायला जागा आहे तिथंच हा हात टिकतो.

दुसरी अट मला ॲडलेडच्या बाईंबरोबरच्या भांडणातून कळली. भांडण गोळ्या कापण्यावरून झालं. त्यांच्या देशात अख्खं पाकीट देतात आणि त्यावर रुग्णाच्या नावाचं लेबल चिकटवतात. मी स्ट्रिप कात्रीनं कापून चार गोळ्या देतो हे त्यांनी कॅमेऱ्यातून पाहिलं आणि त्या जवळजवळ ओरडल्या. कापल्यावर मुदतीची तारीख कुठं राहते? मी म्हटलं, बाई, या माणसाची आजची मजुरी आज मिळते. त्याला दोन दिवसांच्याच गोळ्या परवडतात. मी कापल्या नाहीत तर तो एकही घेणार नाही. एक रविवार आम्ही फारसं बोललो नाही. पुढच्या रविवारी त्यांनीच विचारलं, तारीख स्ट्रिपच्या कोणत्या टोकाला असते? आम्ही दोघांनी पंधरा-वीस स्ट्रिपा कॅमेऱ्यासमोर धरून बघितल्या. कुणाची तारीख वरच्या टोकाला, कुणाची खाली, कुणाची मध्ये. मग नियम ठरला: कापायचं ते तारखेच्या उलट टोकाकडून, म्हणजे तारखेचा तुकडा दुकानात शेवटपर्यंत राहतो. आणि गिऱ्हाइकाच्या पाकिटावर औषधाचं नाव, मुदत आणि केव्हा घ्यायची ते मराठीत पेननं लिहायचं. वाचता न येणाऱ्यासाठी सूर्य आणि चंद्र काढायचा. हा नियम ॲडलेडचा नाही आणि आमच्या गावचाही नव्हता. मेंटॉर स्वतःच्याच देशाचं दुकान आपल्याकडे मांडायला लागला तर तो निरुपयोगी होतो, आणि शिकणारा 'आमच्याकडे असंच असतं' म्हणत बसला तर तोही.

या दुसऱ्या अटीचं एक मोठं उदाहरण आफ्रिकेत आहे. राष्ट्रकुलातल्या फार्मासिस्टांची एक संघटना आहे, कॉमनवेल्थ फार्मासिस्ट्स असोसिएशन. तिनं ब्रिटनच्या 'थेट' (THET) या संस्थेबरोबर आणि ब्रिटिश सरकारच्या फ्लेमिंग फंडाच्या पैशांतून 2019 च्या सुमारास घाना, टांझानिया, युगांडा आणि झांबिया इथल्या रुग्णालयांच्या जोड्या ब्रिटनमधल्या संस्थांशी लावल्या. विषय एकच, प्रतिजैविकांचा योग्य वापर. ब्रिटनचे फार्मासिस्ट तिकडं जात, तिथले ब्रिटनला जात, आणि मग कोविड आला. विमानं बंद झाली. काम मात्र पडद्यावरून चालू राहिलं आणि पुढं देशांची संख्याही वाढली. एका ठराविक दिवशी वॉर्डातल्या किती रुग्णांना प्रतिजैविक चालू आहे, कशासाठी, केव्हा थांबणार, याची मोजणी करायची, एवढ्या साध्या कामापासून सुरुवात. मला त्यातलं सर्वात आवडलेलं म्हणजे हातावर चोळायचं अल्कोहोलचं द्रावण तिथल्या फार्मासिस्टांनी रुग्णालयातच तयार करायला घेणं. बाहेरून डबे मागवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं, आणि औषध बनवण्याचं फार्मासिस्टचं जुनं कसब पुन्हा कामाला येतं. ब्रिटनमधून गेलेली माणसंही काही शिकून आली. थोड्या साधनांत काम कसं लावायचं हे त्यांना त्यांच्या भरलेल्या कपाटांसमोर कुणी शिकवणार नव्हतं.

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण याहून जुनं आहे. 2006 मध्ये मुंबईत क्षयरोगाच्या औषधांसाठी औषध दुकानांना सामील करून घेण्याचा प्रकल्प सुरू झाला. इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशन, म्हणजे 1939 ची आपली जुनी आयपीए, त्यामागे होती आणि मंजिरी घरत यांनी तो चालवला. बाहेरच्या संस्थांची मदत होती, पण रचना इथली. तेव्हा सरकारी कार्यक्रमात प्रत्येक रुग्णाच्या नावानं पूर्ण कोर्सचा खोका यायचा. नव्या रुग्णाचा लाल, पुन्हा उपचार घेणाऱ्याचा निळा. खोका दुकानात राहायचा आणि रुग्णानं दिवसाआड येऊन फार्मासिस्टसमोर गोळ्या घ्यायच्या. ज्या माणसाला सरकारी दवाखान्याच्या वेळेत जायचं तर रोजगार बुडतो, त्याला रात्री दहापर्यंत उघडं असलेलं कोपऱ्यावरचं मेडिकल सोयीचं. मी तो प्रकल्प पाहायला मुंबईला गेलो होतो. एका अगदी चिंचोळ्या दुकानात, खोकल्याच्या औषधांच्या फडताळावर लाल खोके ओळीनं उभे होते, बाजूला नावं लिहिलेली. दुकानदार प्रत्येकाबद्दल बोलत होता जणू घरातली माणसं. "हा चुकला होता दोनदा, घरी फोन केला." दुकानाच्या मालकानं गिऱ्हाइकाच्या घरी फोन करावा आणि उधारीसाठी नव्हे!

आता आपल्या घरातली गोष्ट. परदेशी मेंटॉर कशाला हवा, आपल्याकडे नाही का? आहे, कायद्यात लिहिलेला आहे. फार्मसीची पदविका घेणाऱ्या मुलानं किमान तीन महिने, पाचशे तास, नोंदणीकृत फार्मासिस्टच्या हाताखाली काम करायचं, त्यातले निम्मे तास प्रत्यक्ष चिठ्ठ्यांवर औषधं देण्यात घालवायचे, असा नियम 1991 पासून आहे. ब्रिटनमध्ये हेच काम 52 आठवड्यांचं असतं आणि देखरेख करणारा माणूस दर तेरा आठवड्यांनी लेखी शेरा देतो. आपल्याकडे काय होतं हे या सभागृहातल्या दुकानदारांना मी सांगायला नको. मुलगा सत्राच्या शेवटी वडिलांना घेऊन येतो. ओळखीतला असतो. "काका, तेवढी सही." पाचशे तास एका सहीत बसतात. दुसरी सही त्याच्या पुढं असते: पदविका मिळाली की नोंदणीचं प्रमाणपत्र कुणाच्या तरी दुकानात भिंतीवर टांगायचं आणि स्वतः दुसरीकडे नोकरी करायची. दरमहा भाडं घरपोच.

मी या सगळ्यात स्वच्छ आहे असं समजू नका. सही मीही केलेली आहे. दोनदा. एकदा मित्राच्या मुलासाठी आणि एकदा ज्याला मी नाही म्हणू शकलो नाही अशा माणसाच्या पुतण्यासाठी. त्या दोघांपैकी एक आज कुठंतरी काउंटरवर उभा असेल आणि पिवळ्या गोळ्यांच्या दोन स्ट्रिपा एका पाकिटात घालत असेल.

एका आठवड्यासाठी येणाऱ्या पाहुण्यांबद्दलही एक शब्द. परदेशी तज्ज्ञ येतात, सभागृह भरतं, शाल-श्रीफळ होतं, पडद्यावर दोनशे चित्रं सरकतात, प्रमाणपत्र मिळतं. मीही अशी तीन-चार भिंतीवर लावली आहेत. त्यातलं एकही मला त्या संधिवाताच्या बाईंच्या वेळी उपयोगी पडलं नाही. दुकानाच्या काउंटरशी उभं न राहिलेला माणूस दुकानाचं काही बदलू शकत नाही, मग तो हेगहून येवो की पुण्याहून.

परदेशातल्या आपल्या मराठी फार्मासिस्टांकडे मात्र मी आशेनं बघतो. एके काळी आपल्या चार वर्षांच्या बी.फार्म.वर अमेरिकेची परीक्षा देता यायची. 2003 नंतरच्या पदव्यांना तिथं पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो, त्यामुळे ती वाट अरुंद झाली. पण आधी गेलेले आता पन्नाशी-साठीत आहेत. न्यू जर्सीत, टेक्सासात, लंडनच्या बाहेरच्या उपनगरांत ते काउंटरवर उभे आहेत आणि त्यांना 'चिठ्ठी' म्हणजे काय आणि 'तोंड येणं' म्हणजे काय हे भाषांतराशिवाय कळतं. दर दिवाळीत ते गावी येतात, देवळाला देणगी देतात. माझी त्यांना विनंती आहे, देणगीबरोबर रविवारचा अर्धा तासही द्या. एका मुलाला, एका वर्षासाठी. त्याच्या काउंटरवर फोन उभा करून ठेवा आणि बघत राहा. बोलू नका फार.

माझ्या ॲडलेडच्या बाई आता निवृत्त झाल्या. रविवारचा फोन महिन्यावर आला आहे. गेली तीन वर्षं माझ्याकडे दर पावसाळ्यात पदविकेची एक मुलगी किंवा मुलगा पूर्ण पाचशे तास उभा राहतो. हजेरी मी वहीत रोजच्या रोज लिहितो. पहिल्या आठवड्यात कुणी गोळीला हात लावायचा नाही, फक्त पाकिटावर सूर्य-चंद्र काढायचे. यंदाच्या मुलीनं विचारलं, "सर, याला पुस्तकात काय म्हणतात?" मी म्हटलं, शंकरपाळे. तिला काही कळलं नाही.

आणि त्या संधिवाताच्या बाई अजून येतात. डॉक्टरांनी नंतर पुन्हा तीच गोळी सुरू केली, कमी डोसनं, तपासण्या करत. वार सोमवार ठरला आहे. मागच्या महिन्यात गर्दी होती, मी घाईत स्ट्रिप पाकिटात घातली आणि पुढं सरकवली. बाईंनी पाकीट उलटसुलट करून बघितलं, त्यांना वाचता येत नाही, पण 'सोमवार' हा शब्द दिसतो कसा हे त्यांना आता पाठ आहे. पाकीट त्यांनी काउंटरवरून माझ्याकडे परत ढकललं आणि म्हणाल्या, "वार नाही लिहिला."